खलाची आंघोळ

पूर्वी औषधं वैद्याच्या ओसरीवर कुटली जायची, तेव्हाची गोष्ट. तिथला म्हातारा खल स्वतःला कधी धुऊ द्यायचा नाही. "धुतलं की पिढ्यांचा गुण जातो," म्हणायचा.

एकदा त्यात विषारी बचनाग कुटला, आणि पाठोपाठ तान्ह्या बाळासाठी वावडिंग आलं. शेजारी पडलेल्या पुसायच्या फडक्याला राहवलं नाही. "आजोबा, तो गुण नाही, मळ आहे! बाळ मरेल!"

"कालची चिंधी तू, मला शिकवतेस?"

फडक्याने ओलं होऊन खल खसाखसा घासला. सांडलेल्या पाण्यावर बसलेल्या माश्या तिथेच मेल्या.

फडक्याच्या तोंडात अजून चार शिव्या होत्या, पण खलाचा उतरलेला चेहरा बघून त्याने त्या गिळल्या.

"उपकार झाले रे लेकरा," खल म्हणाला. "कडेला राहिलं असेल. आणखी एकदा घास."