उजेड देणारा भोपळा

फार फार मागची गोष्ट. कोल्ह्याला अजून कुणी लबाड म्हणत नव्हतं, तेव्हाची.

एका राज्यात एक माळी होता. एका जिवाचा गुण काढून दुसऱ्या जिवात घालायची विद्या त्याच्या हातात होती. त्याने रातराणीचा वास दुधी भोपळ्याला दिला, तेव्हा लोक हसले आणि भाजी कुणी खाल्ली नाही. मग त्याने काजव्याचा उजेड भोपळ्याला दिला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. दिवस मावळला की वेलावरचा एकेक भोपळा समईसारखा उजळायचा.

पण त्या राज्यात एक कायदा होता. माणसाने घडवलेला नवा जीव आधी राखवाडीत ठेवायचा. राखवाडी म्हणजे उंच कुंपणाची, वर जाळी घातलेली बाग. ज्यांच्या शेजारी तो जीव पुढे नांदणार, त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय त्याचं बी बाहेर जात नसे. सोडलेला बाण निदान कुठेतरी पडून राहतो. सोडलेलं बी पडतं, आणि तिथून पुढे निघतं.

वाडीची किल्ली एका वृद्ध राखणदारणीच्या कमरेला असे. बाई कडक. तिच्या घरी नुकतीच धाकटी सून आली होती, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिची पोळी, तिचं हसणं, तिचं चालणं, सगळं गावाने तपासून झालं होतं. तिच्याविषयी सगळ्यांना विचारलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

राजाला भोपळा फार आवडला. दिव्यांचा सण तोंडावर आला होता. सणाला घरोघरी याचं बी वाटू, असं तो बोलून बसला.

सुनावणी नेहमीप्रमाणे सकाळी, वडाखाली झाली. गाय म्हणाली, पाला गोड आहे. मधमाशीला फुलात काही खोट दिसली नाही. गावकऱ्यांनी वाचणाऱ्या तेलाचा हिशेब मांडला. बोकडाने तर भोपळा सालीसकट खाऊन दाखवला. त्याचं पोट काही उजळलं नाही, म्हणून पोरं हिरमुसली. राखणदारणीने राजाला शब्द दिला, उद्या तिन्हीसांजेला कुलूप काढते.

त्या संध्याकाळी सून वाडीच्या वेलांना पाणी घालायला गेली आणि जागीच थबकली. बाहेरच्या अंगाने सगळी जाळी काजव्यांनी भरून गेली होती. आतल्या भोपळ्यांकडे बघत ते लुकलुकत होते, जाळीवर डोकी आपटत होते. खाली गवतात त्यांच्या बायका एकट्याच दिवे लावून बसल्या होत्या.

“बघ गं बाई,” त्यातली एक म्हातारी म्हणाली, “आमचे नवरे भोपळ्यांना मागणी घालायला निघालेत.”

सुनेला हसू आलं. म्हातारीला आलं नाही. एका वेलापायी ही गत, ती सांगू लागली. घरोघरी वेल चढले तर आमच्याकडे कोण फिरकेल? पोरंबाळं होणार नाहीत, आणि थोड्याच वर्षांत काजवा हा शब्द तेवढा उरेल.

सकाळी का बोलला नाहीत, असं सुनेने विचारलं.

“सकाळी आम्ही झोपतो. तुमची सुनावणी कधी सकाळ सोडून झालीय का?”

सून घरी आली. सासूच्या तोंडून गेलेला शब्द परत घ्यायला लावणारी सून त्या गावात आजवर झाली नव्हती. झाली असेल, तर तिची गोष्ट सांगायला कुणी धजावलं नव्हतं. गप्प राहिलं तर घरात मान राहणार होता. पण बी एकदा गेलं, की त्याला हाक मारून परत बोलावता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला राजा वाजतगाजत आला. सासूने किल्ली कुलपाला लावली, आणि सुनेने कुलपावर हात ठेवला.

“आत्याबाई, निम्म्या राज्याला विचारायचं राहिलंय.”

“कुठलं निम्मं गं? बोकडालासुद्धा विचारलं की.”

“जे रात्री जागतं ते.”

वाजंत्री थांबली. राजाच्या कपाळाला आठी पडली. उजेड अडवणारी ही कसली राखण, असं तो म्हणाला. सासूने राजाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग मान वर करून काजव्यांनी लुकलुकणाऱ्या जाळीकडे पाहिलं. आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली.

“महाराज, शब्द माझा होता, पण कायदा तुमचा आहे,” ती म्हणाली. “शब्द मोडला तर मी खाली मान घालीन. कायदा मोडला तर कुणी घालायची?”

मग ती तिथेच मातीत बसली आणि सुनावणी नव्याने सुरू झाली. काजवे बोलले. वेलाच्या उजेडाने उंदीर बिळातून निघायचे नाहीत, म्हणून घुबड कुरकुरलं. रातकिडे सगळे एकदम बोलल्यामुळे त्यांचं म्हणणं कुणाला कळलं नाही, पण ऐकून मात्र घेतलं.

माळी डोकं धरून बसला होता. मग तोच आधी हसला. काजव्याकडून उजेड घेताना काजव्याला विचारायचं सुचलं नाही, हे त्याने कबूल केलं, आणि वाडीत पुन्हा कामाला लागला.

पुढच्या हंगामात त्याने नवा वेल आणला. वेलावर असेपर्यंत भोपळा दगडासारखा काळोखा; तोडून घरात नेला, की उजळायचा. या वेळी सुनावणी सकाळी सासूने घेतली, संध्याकाळी सुनेने. काजवे वेलावरून ढुंकूनही न बघता गवताकडे उडून गेले. तीच त्यांची संमती.

त्या वर्षी सणाला घरोघरी भोपळे उजळले आणि अंगणात गवताच्या पात्यापात्यावर काजवे. राजाने मशालजींना सुट्टी दिली आणि पायी गावभर हिंडला. एकदाही ठेचकाळला नाही. जागोजागी गवतात लग्नं लागत होती आणि अक्षता टाकायला सगळं गाव जागं होतं.

तात्पर्य: नव्याला दार जरूर उघडावं, पण ते ज्यांच्या अंगणात नांदणार त्या प्रत्येकाला, तो जागा असताना विचारून.