आधी तुम्ही पाणी घ्या

पाय आत घ्या बघू सगळ्यांनी, पांघरूण एकच आहे. घेतले? मग ऐका. एकदा काय झालं, दूर समुद्रात एक बेट होतं. किती दूर ते विचारायचं नाही. जाता जाता मध्येच झोप लागेल, इतकं दूर.

त्या बेटावर दोन कुळं राहायची. उगवतीकडे मीठकर. त्यांची मिठागरं होती आणि अंगणाअंगणात मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी. मावळतीकडे माडकर. त्यांची माडांची बनं होती. दोघांची भाषा एक, देव एक, आमटीत कोकम घालायची सवयसुद्धा एक. आणि भांडणही एकच. बेटावर आधी गलबत कोणाचं लागलं? मीठकर म्हणायचे आमचं. माडकर म्हणायचे आमचं. म्हणजे बेट आमचं आणि तुम्ही पाहुणे.

भांडण मिटावं असं सगळ्यांनाच वाटायचं, बरं का. म्हणून दर पुनवेला, ऊन कोवळं असतानाच, बेटाच्या मधोमध उंडीच्या झाडाखाली चटई अंथरायचे. इकडून माडकरांचे केरूनाना यायचे, तिकडून मीठकरांचे हिराजीबाबा. मागे आपापले म्हातारे. नमस्कार व्हायचे, गुडघे कसे आहेत ते विचारून व्हायचं. मग पाणी यायचं. आणि तिथेच घोडं अडायचं.

त्या बेटाची रीत अशी, की बोलण्याआधी पाणी. ज्याचं घर तो पाणी देणार आणि जो पिईल तो पाहुणा. म्हणजे एक घोट घेतला, की बेट तुमचं आणि आम्ही पाहुणे, हे कबूल केलं. मग कोण पिईल? केरूनाना तांब्या पुढे करायचे, "आधी तुम्ही घ्या." हिराजीबाबा आपला तांब्या पुढे करायचे, "छे, छे, आधी तुम्ही." किती गोड बोलायचे म्हणून सांगू. ऊन डोक्यावर यायचं, जिभा टाळूला चिकटायच्या, पण पाणी कोणी तोंडाला लावायचं नाही. दिवस कलला की भरलेले तांबे घेऊन दोघं आपापल्या घरी. बोलणी पुढच्या पुनवेला.

आता मला सांगा, बोलायचे म्हणून आणलेले शब्द बोललेच नाहीत, तर ते जाणार कुठे? त्यांचं धुकं व्हायचं. पांढरं आणि मऊ. आधी ते घोट्याएवढं होतं. मग कमरेएवढं झालं. मग माडांच्या शेंड्यांवर गेलं. बेटाच्या मधोमध धुक्याची भिंतच उभी राहिली. त्यात शिरलेला माणूस चालत चालत जायचा आणि आपल्याच दारात बाहेर यायचा. चटई अंथरायचे तेवढी जागा काय ती उघडी राहिली होती, पण चटई ओलांडून पलीकडे गेलं की पुन्हा धुकंच.

माडकरांत गोजरा नावाची एक बाई होती. बोलणी असली की पाणी भरून न्यायचं काम तिचं. तिला एकुलती एक लेक, पोवळी. धुकं घोट्याएवढं होतं तेव्हा तिला मीठकरांत दिली होती. पोवळी लुगडं जरा उचलून, हसत हसत धुकं ओलांडून सासरी गेली. पुढे धुकं वाढलं आणि गोजराला लेक दिसेनाशी झाली.

मग एका पुनवेला काय झालं, हिराजीबाबा पाण्याचा आग्रह करता करता हळूच म्हणाले, "गोजराबाई, तुमच्या पोवळीला सातवा लागलाय. बाळंतपणाला आईकडेच जायचं म्हणते. धड जेवत नाही." हिराजीबाबा माणूस वाईट नव्हता हो.

लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आई धुक्याच्या अलीकडे. बोलणी उठली तशी गोजरा थेट धुक्यात शिरली. आत पायाखाली वाळू नव्हती, नुसता पिंजलेला कापूस. आणि बाजूने ते न बोललेले शब्द तरंगत होते, संथ, माशांसारखे. 'चुकलं' असा एक गेला. 'राहू द्या आता' असा एक गेला. गोजराने हात लावला की ते विरून जायचे. ती चालली, चालली, किती चालली, आणि पाहते तर समोर तिचीच तुळस. बसली तिथेच पायरीवर.

मग पुढच्या पुनवेला तिने शहाळी नेली. शहाळं म्हणजे काही तांब्या नव्हे. हिराजीबाबांनी शहाळं हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं.

"आत काय आहे, बाई?"

"खोबरं आहे."

"आणि खोबऱ्याबरोबर?"

गोजराला खोटं बोलता येईना. हिराजीबाबांनी शहाळं अलगद खाली ठेवलं आणि दुसरीकडे बघत बसले. त्यांचाही घसा कोरडाच होता बिचाऱ्यांचा.

मग तिसरी पुनव आली. पोवळीचे दिवस भरत आले होते. चटई पडली, तांबे आले. "आधी तुम्ही." "छे, छे, आधी तुम्ही." ऊन चढलं. आणि धुक्यातून, अगदी लांबून, एक हाक आली. "आई गं." एवढीच, बारीक. बाकीच्यांना वाटलं, टिटवी असेल. गोजराला बरोबर कळलं.

हिराजीबाबा रीतीप्रमाणे सगळ्यांपुढे तांब्या फिरवत होते. तो गोजरापुढे आला, "घ्या बाई." गोजराने घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्याली. घोटभर नाही, सगळा तांब्या रिकामा केला. पाणी जरा खारट होतं.

केरूनाना कसेबसे उभे राहिले. "गोजरा, बेट घालवलंस तू. आता तुला इकडे घर नाही."

"नसू दे, नाना," गोजरा म्हणाली. "माझी लेक तिकडे आहे." असं म्हणाली खरी, पण एकदा मागे वळून माडांकडे बघितलं तिने. घर सुटणं म्हणजे काही गंमत नसते, बाळांनो.

पण खरी फजिती कोणाची झाली माहीत आहे? हिराजीबाबांची. जन्मभर पाणी पुढे करत आले, ते कोणी पिईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आता पाहुणी आली, तिचं पुढे करायचं काय? ते केरूनानांकडे बघायला लागले. केरूनानांनाही सांगता येईना. इतकी वर्षं त्या बेटावर सुना गेल्या त्या घरच्या होऊन, पाहुणा म्हणून कोणी कोणाकडे गेलंच नव्हतं, मग आठवणार कसं?

मीठकरांचं पाणी आणायची ती हिराजीबाबांची थोरली बहीण, अंबूआक्का. पाठीत वाकलेली, पण जीभ तिखट. ती म्हणाली, "पुढे काय म्हणजे? पाहुणी मागेल ते द्यायचं. तिला तिच्या दारापर्यंत पोचवायला आपण जायचं. आणि तिच्या दारात तिचं पाणी आपण प्यायचं. त्याशिवाय पाहुणचार पुरा होतो का? अर्धीच रीत धरून बसलात मेल्यांनो, आणि अर्धी खाऊन टाकलीत."

मग हिराजीबाबांनी हात जोडून विचारलं, "काय देऊ, बाई?"

"माझी लेक द्या बाळंतपणाला."

आणि धुकं पाहुणीला अडवीना. केसांत भांग पाडावा तशी त्यात एक वाट पडली. त्या वाटेवरून गोजरा गेली आणि पोवळीचा हात धरून परत आली. पोवळी पोट सांभाळत सावकाश चालत होती. गोजरा रडत होती आणि लेकीला म्हणत होती, "तू रडू नकोस." मागून मीठकर निघाले पोचवायला. पोवळीचं गाठोडं हिराजीबाबांनी डोक्यावर घेतलं होतं. चटई मागे राहिली, उंडी मागे राहिली. माडांची सावली आली. कित्येक मीठकरांनी माड इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. ते माना वर करून चालत होते आणि एकमेकांवर आदळत होते.

गोजराच्या दारात केरूनाना आधीच येऊन उभे होते. घर नाही म्हणाले होते ना, म्हणून दार अडवायला आले होते. त्यांनी पोवळीकडे पाहिलं, तिचे सुजलेले पाय पाहिले. मग हिराजीबाबांकडे पाहिलं. घामाने निथळत होते, डोक्यावर गाठोडं. नाना दारातून बाजूला झाले. गोजरा आत गेली, माठातून तांब्या भरून आणला आणि हिराजीबाबांपुढे धरला.

हिराजीबाबांनी गाठोडं खाली ठेवलं. तांब्याकडे बघत राहिले. हात पुढे जाईना हो त्यांचा. मग पोवळी म्हणाली, "घ्या ना बाबा, दमलात."

आणि हिराजीबाबा पाणी प्याले. पिऊन झालं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गोड आहे."

केरूनाना घसा खाकरून म्हणाले, "आता आम्हाला यावं लागणार तुमच्याकडे."

"यावंच लागेल. आमचं जरा खारट आहे."

"चालेल," नाना म्हणाले.

मग काय, बोलणी सुरू झाली. लगेच संपली असं नाही हं. आधी गलबत कोणाचं लागलं, ते अजून ठरलेलं नाही. पण आता एकमेकांच्या ओटीवर बसून भांडतात, आणि जेवायची वेळ झाली की भांडण तिथेच ठेवून पानावर बसतात. धुकं रोज थोडं थोडं विरत गेलं. पोवळीला मुलगी झाली, तिच्या बारशाला सगळं बेट आलं. सुखात आहेत सगळे.

आणि ते पाणी प्याले त्या दिवशी, हिराजीबाबांच्या पाठोपाठ सगळे आपापल्या घरी गेल्यावर, पोवळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. सासरी इतके दिवस तिला धड झोप नव्हती. गोजराची मांडी भरून आली, मुंग्या आल्या, पण ती हलली नाही.

तशी झोप तुम्हाला लागू दे. मिटा डोळे.