तीन दारांचं वारूळ

माणसांना कुलूप ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका वारुळाला तीन दारं होती. बाहेर पडणाऱ्या मुंगीचा वास त्या दारावरचा म्हातारा मुंगळा हुंगून लक्षात ठेवी, म्हणून ज्या दाराने गेली त्याच दाराने तिला परतावं लागे.

एके दुपारी म्हशीच्या खुराखाली पहिलं दार बुजलं. अंडं शेकायला बाहेर घेऊन गेलेली ठिणगी नावाची मुंगी दुसऱ्या दाराकडे धावली.

“तू कोण गं?” तिथले म्हातारे मुंगळे भिकाकाका म्हणाले.

“इथलीच! पहिल्या दाराने गेले होते. अंडं करपतंय, काका!”

“असेल. मी कुठे हुंगलंय तुला? रीत म्हणजे रीत.”

“मग रीतच उबवा!” म्हणत ठिणगी त्यांच्या पायांखालून आत घुसली. अंडं सावलीत ठेवून तिने मधल्या खोलीतल्या ढेकळाला अंग घासलं. “यापुढे प्रत्येकीचा वास इथे राहील. तिन्ही दारांवरच्या मुंगळ्यांनी इथेच हुंगायचं. हे सुरू होईतोवर मी हलणार नाही.”

काका कुरकुरले, पण ती हललीच नाही. शेवटी सगळ्यांनी तसं सुरू केलं; काकांनी मात्र ढेकळाला अंग घासलं नाही.

आठवड्याने काका पाय मोकळे करायला बाहेर गेले आणि मागे त्यांचंच दार ढासळलं. ते तिसऱ्या दाराशी आले. तिथला मुंगळा आत जाऊन ढेकूळ हुंगून आला. “या काका.”

“माझा वास तिथे कसा?”

आतून ठिणगी म्हणाली, “तुमच्या पायांखालून घुसले होते ना, तेव्हाच माझ्या अंगाला लागला, आणि अंगावरून ढेकळाला.”