माडीवरची हाक

एकदा एक गुळाचा व्यापारी दारू सोडायला निघाला. ही वार्ता ऐकून घरात आनंद व्हायला हवा होता. पण त्याची पत्नी धास्तावली. माणूस पिऊन येतो तेव्हा घर घाबरते, हे सर्वांना ठाऊक असते. तो सोडू लागला की त्याहून भयंकर काही घडू शकते, हे ज्याने पाहिले त्यालाच कळते. तिने ते एकदा पाहिले होते.

त्या गावात एक वृद्ध वैद्य राहत. व्यसन सोडू पाहणाऱ्यांना ते बहुधा आपल्या पडवीत ठेवून घेत. पडवी भर रस्त्यावर. तिथे कोण निजले आहे हे बाजाराला येता-जाता दिसे, आणि बाजाराच्या तोंडाला कोण हात लावणार! म्हणून व्यापारी आला तो आपली अट घेऊनच.

"वैद्यबुवा, सोडायची म्हणजे सोडायचीच. पण घरी राहून. तुम्ही पुड्या द्या, रोज सकाळी येऊन नाडी दाखवून जाईन. पडवीत मात्र निजणार नाही. पेढीचं नाव आहे माझ्या."

वैद्यांनी त्याला हात पुढे करायला सांगितले. बोटे थरथरत होती. व्यापाऱ्याने हात चटकन मागे घेतला.

"सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय ही थरथर थांबते का?"

"थांबते की. जरा वेळ लागतो, इतकंच."

"पूर्वी कधी सोडून पाहिली होती? तेव्हा काही झालं?"

"उन्हानं चक्कर आली होती एकदा. बाकी काही नाही," व्यापारी रस्त्याकडे पाहत म्हणाला.

"उद्या दुपारी घर बघायला येतो. मग काय ते सांगतो. तोवर एकदम बंद मात्र करू नका," एवढे बोलून वैद्य उठले.

त्यांच्या शिष्याला हे मुळीच रुचले नाही. थोड्याच दिवसांपूर्वी गुरूंनी एका रंगाऱ्याला पुड्या देऊन घरी पाठवले होते. एका खोलीचे घर, दारात रंगाच्या घंगाळांची दाटी, पाय पसरायला जागा नाही. शिष्य म्हणाला, "गुरुजी, रंगाऱ्याला घरी जाऊ दिलंत आणि शेटना अडवता? त्यांच्याकडे माडी आहे, गडीमाणसं आहेत, सख्खा भाऊ एका छपराखाली राहतो. आपली पडवी तर पावसात गळते."

"गळते खरी," वैद्य म्हणाले, आणि खलबत्ता पुढे ओढून कुटायला बसले.

दुसऱ्या दिवशी दोघे व्यापाऱ्याच्या घरी गेले. घर पेढीच्या नावाला साजेसेच होते. माडीवर प्रशस्त खोली, जाड गादी, उशाशी पाण्याचा तांब्या, खिडकीतून वारा. व्यापारी एकेक वस्तू दाखवीत होता, भाऊ मान डोलावीत होता. पत्नी दाराशी उभी होती. तिच्या ओठांवर काहीतरी येई आणि दिराकडे नजर गेली की परत जाई.

वैद्यांनी व्यापाऱ्याच्या कानाला लागून काही सांगितले. मग "येतो हं" म्हणून सर्वांचा निरोप घेतला, पुढच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि मागच्या जिन्याने शिष्यासह पुन्हा त्याच खोलीत येऊन उभे राहिले. मागच्या जिन्याचे दार व्यापाऱ्याने उघडेच ठेवले होते.

"आता पडा," वैद्य हलकेच म्हणाले, "आणि ओरडा. जीव जातोय असं समजून ओरडा."

शिष्य पाहतच राहिला. एवढा विद्वान माणूस, आणि भरदुपारी हे काय आरंभले आहे! व्यापाऱ्याला तर हसू लोटले. "अहो, सगळं घर वर धावेल. तुम्हाला लपायला जागा पुरायची नाही."

तरी तो पडला आणि ओरडला, "अगं आई गं!"

खाली कोणी धान्य पाखडत होते. सुपाचा आवाज थांबला. पावले वाजली. व्यापाऱ्याने वैद्यांकडे पाहून भुवया उंचावल्या, जणू म्हणत होता, बघा आता. पावले जिन्याकडे आली नाहीत. ती आत गेली, आणि एका दाराची कडी लागली.

व्यापारी आणखी मोठ्याने ओरडला. पायाने तांब्या लवंडून दिला. तांब्या गडगडत भिंतीला जाऊन आपटला. खाली दुसरी कडी लागली. पाठोपाठ भावाच्या खोलीची. तिचा आवाज जड होता, तो व्यापाऱ्याने ओळखला.

हे आवाज या घरात वर्षानुवर्षे होत असले पाहिजेत. त्याने ते कधी ऐकले नव्हते; कारण कड्या लागत तेव्हा ओरडणारा तोच असे. आज प्रथमच तो शुद्धीवर असताना ओरडला होता.

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. कपाळाला घाम फुटला. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याने बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. आता तो उठून बसला आणि किंचाळला, "सगुणा! सगुणा, ये गं वर!" ही हाक खोटी नव्हती.

कोणीही वर आले नाही.

वैद्यांनी पुढच्या जिन्याकडचे दार उघडले. सगुणाबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, दोन्ही हातांनी कठडा धरलेला. वैद्यांना पाहताच त्यांना रडू फुटले.

"मागच्या खेपेला मी वर गेले होते हो! दोन दिवस घेतली नव्हती ह्यांनी. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, सगळं अंग आपटत होतं. मी भाऊजींना हाका मारल्या. ते आतूनच म्हणाले, पिऊन पडला असेल, पडू दे. मी एकटी होते. हे गेले असंच वाटलं मला. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, ऊन लागलं, कुणाला बोलू नकोस. आता परत घरीच सोडणार म्हणतात..."

व्यापारी दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मान वर केली नाही.

वैद्य शिष्याकडे वळले. "रंगाऱ्याच्या घरीही मी हेच केलं होतं. तो नुसता खोकला तर शेजारीण हातातली पळी घेऊन धावत आली. त्याची आई उंबऱ्यापाशीच निजते. त्याचं पिणं अलीकडचं, सकाळी हात कापत नाही, झटका कधी आलेला नाही, आणि माझं दार तिथून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून तो घरी राहिला. इथे झटका येऊन गेला आहे, आणि तो लपवलाही आहे. चक्कर म्हणाले तेव्हाच मला संशय आला होता, एवढ्यावरच मी नाही म्हणणार होतो. पण माझ्या सांगण्याने शेटना ते पटलं नसतं. मी पुडी सकाळी देईन, नाडी सकाळी बघेन. शरीर काही सकाळची वाट बघत थांबत नाही. मधल्या वेळात हाकेला ओ कोण देणार?"

मग ते व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि शेट, या माणसांना बोल लावू नका. कड्या लावायला ती उगाच शिकलेली नाहीत."

व्यापाऱ्याने आपल्या अंथरुणाची वळकटी स्वतः बांधली, खांद्यावर घेतली आणि भरबाजारातून चालत पडवीत आला. लोकांनी पाहिले, आणि बोलायचे ते बोलले.

पडवीत त्याला झटका आलाच. तिन्हीसांजेची वेळ होती. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसतात असे तो आधी म्हणू लागला, मग त्याचा शब्द अर्धवट तुटला. पण शिष्य उशाशीच बसलेला होता. त्याची हाक पुरी होण्याआधी वैद्य आले, त्यांनी व्यापाऱ्याला कुशीवर वळवले, तोंडात काही घालू दिले नाही, आणि अंगाचे आपटणे थांबेपर्यंत त्याचे डोके सांभाळून धरले. माडीवरची ती प्रशस्त खोली शिष्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती रात्र तो उशाशीच बसून राहिला.

व्यापारी वाचला. घरी परतला तेव्हा अशक्त होता, पण हात स्थिर होते. पहिल्याच दिवशी त्याने सुताराला बोलावले. सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकायच्या होत्या. सुतार अवजारे मांडत असताना सगुणाबाई बाहेर आल्या.

"कड्या राहू द्या," त्या म्हणाल्या. "काढायची वेळ आली की आमच्या आम्ही काढू."

व्यापाऱ्याने सुताराला परत पाठवले.

आपल्यापैकी कोणी "घरीच राहून सोडतो" असे म्हणत असेल, तर त्याने काही लपवून न ठेवता ते आधी जाणत्या वैद्याला सांगावे. आणि घरातल्यांनाही एकदा विचारावे, मी ओरडलो तर तुम्ही याल का, आणि उत्तर यायला वेळ लागला तर तेवढ्यावरून समजून घ्यावे की घरी राहून सोडणे धोक्याचे आहे.