पांढऱ्या अक्षरांतल्या वाटा

माळावरच्या एका गावात दुखऱ्या पायांसाठी नरम चपला करणारी एक बाई राहायची. तिचं नाव हौसाबाई. भेगाळलेले पाय, सुजलेले पाय, साखरेच्या आजाराने बधिर झालेले पाय, अशा पायांना तिची चप्पल टोचत नसे. सुनेने तिच्यासाठी एक वेबसाइट करून दिली होती. पायाचं माप कसं घ्यायचं, चप्पल बदलून कशी मिळते, फोन कुठे करायचा, सगळं त्यात वेगवेगळ्या पानांवर होतं. इंटरनेटवर ‘दुखऱ्या पायांची चप्पल’ असं शोधलं की तिचं नाव वर यायचं.

पुढे गावातल्या आणखी चारजणी तिच्या हाताखाली शिवायला बसू लागल्या. त्यांना बारमाही काम मिळावं म्हणून हौसाबाईने जाहिरात द्यायचं ठरवलं. शेजारचा दिगंबर शहरात जाहिरातींचंच काम करून आला होता. त्याने जाहिरातीसाठी एक वेगळं पान बनवलं. चपलेचा फोटो, दोन ओळी आणि खाली ‘मागवा’ असं बटण. बस.

“अरे, आणि मापाच्या पानावर जायचं कुठून?” हौसाबाईने विचारलं.

“मावशी, जाहिरात बघून आलेलं गिऱ्हाईक इकडंतिकडं फिरायला गेलं की परत येत नाही. म्हणून बाकीच्या पानांवर जायच्या वाटा काढून टाकल्यात.”

“मग चालतंय तसं?”

दिगंबरने मान खाजवली. “माणसांचं चालेल. पण जिथून कुठंच जाता येत नाही असं पान इंटरनेटवर शोधून देणाऱ्या शोधयंत्राला फसवं वाटू शकतं. म्हणून तळाला सगळ्या वाटा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिल्यात. यंत्राला दिसतील, माणसाला नाही.”

हौसाबाईला ते रुचलं नाही. पण दाराशी बसलेल्या चौघींकडे तिची नजर गेली आणि ती म्हणाली, “बरं, राहू दे तसंच.”

मागण्या धो धो आल्या. चौघींच्या सुया थांबेनात. दिगंबरला तिने पुरणपोळी खाऊ घातली.

मग एका दुपारी फोन आला. जाहिरातीच्या पानावरून अंदाजाने मापाची चप्पल मागवलेल्या नांदगावच्या सुशीलाबाई बोलत होत्या. आवाज अगदी मऊ.

“बाई, चप्पल सुरेख आहे हो. पण मला जरा घट्ट होते. अंगठ्याला जखम झालीय आणि मला साखर आहे, ती भरत नाही.”

हौसाबाई हातातली सुई बाजूला ठेवत म्हणाली, “अहो, बदलून द्यायचं पान आहे की. माप घ्यायचंही आहे.”

“मी किती वेळ त्या पानावर बोट फिरवत बसले. मागवा, मागवा, एवढंच दिसायचं. मला वाटलं मलाच जमत नाही. शेवटी खोक्यावर तुमचा नंबर दिसला.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हौसाबाईला वाटलं.

ती तशीच एसटीने नांदगावला गेली. जमिनीवर कागद अंथरून तिने सुशीलाबाईंचा पाय त्यावर ठेवला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. त्यांना दवाखान्यात नेलं. पट्टी होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिली. “तुमचं काय चुकलं त्यात?” सुशीलाबाई म्हणाल्या, तेव्हा तिने मापाचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

घरी परतली तर दिगंबर उतरल्या चेहऱ्याने उंबऱ्यात बसलेला. शोधयंत्राने लपवलेल्या वाटा ओळखल्या होत्या. एका पानाच्या पायी सगळी वेबसाइटच यादीतून उतरवली होती. शोधलं तर हौसाबाईचं नाव कुठेच येत नव्हतं.

“माझ्यामुळं झालं, मावशी.”

“तू सांगितलंस, मी हो म्हणाले,” हौसाबाई त्याच्याशेजारी टेकत म्हणाली. “आता यातून निघायचं कसं, ते सांग.”

दिगंबर म्हणाला, “लपवलेलं सगळं काढायचं. तळाला मोजक्याच वाटा ठेवायच्या, पण कुणालाही वाचता येतील अशा. आणि हे पान जाहिरातीपुरतं आहे, शोधात दाखवू नको, असं यंत्राला उघड सांगायचं. शोधणाऱ्यांसाठी आपली मूळची पानं आहेतच.”

“मग तसं कर. काळ्या अक्षरांत लिही. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल एवढं ठळक.”

दिगंबरने तसं केलं. काय लबाडी झाली नि काय सुधारलं, हे यंत्र चालवणाऱ्यांना लिहून कळवलं आणि पुन्हा तपासायची विनंती केली. उत्तर यायला बराच काळ गेला. तोवर काम रोडावलं. चौघींतल्या दोघी खुरपणीला जाऊ लागल्या. हौसाबाई त्यांच्या मोकळ्या जागांकडे बघत एकटीच टाके घालायची. पण सुशीलाबाईंची जखम भरत आल्याचा फोन आला, त्या दिवशी ती पोटभर जेवली.

शेवटी नाव यादीत परत आलं. आधी बरंच खाली, मग हळूहळू वर. दोघी कामावर परतल्या. जाहिरातीतून येणाऱ्या मागण्या पहिल्यासारख्या धो धो नव्हत्या, पण माप चुकून चपला परत येणं जवळपास थांबलं.

एकदा दिगंबर पानांवर कोण आलं-गेलं ते दाखवणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, “बघा मावशी, एकजण मापाच्या पानावर गेला, त्याने वाचलं आणि काही न घेता निघून गेला.”

हौसाबाईने दोऱ्याची गाठ मारली. “जाऊ दे. ज्या पायाला आपली चप्पल बसत नाही, तो पाय दुखला नाही ना? झालं तर.”

तात्पर्य: गिऱ्हाईक अडकावं म्हणून वाटा लपवणाऱ्याची स्वतःचीच वाट बंद होते. मोजक्या वाटा ठेवा, पण सगळ्यांना दिसतील अशा ठेवा.