वरची ढोली, खालची ढोली

फार पूर्वी, माझे गुडघेसुद्धा दुखत नव्हते त्या काळी, रानातल्या पंचायतीनं घर नसलेल्यांना एका जुन्या उंबरात ढोल्या दिल्या. वरची खारीला मिळाली, खालची साळुंकीला. ढोली नीट ठेवायची राहणाऱ्यानं, दुरुस्ती करायची पंचायतीनं, असं ठरलं.

पावसात साळुंकीचं छत गळायला लागलं. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. तिनं तक्रार केली आणि पुष्कळ चर्चा करून पंचायतीनं सुतारपक्ष्याला पाठवलं. त्यानं छत ठोकून बघितलं. "भेग वरच्या ढोलीत आहे. तिथूनच बुजवावी लागेल."

खार दारात शेपूट आडवी लावून उभी राहिली. "माझं घर आहे. मला विचारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, हाही नियमच आहे."

"अगं खारूताई, माझी अंडी भिजतील गं," साळुंकी म्हणाली.

"माझ्याकडे तर काहीच गळत नाही."

ते खरंच होतं. पाणी तिच्याकडून खाली जात होतं. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

सुतारपक्षी नियमाचा पक्का. तो परत गेला.

थोड्याच दिवसांत वरच्या ढोलीची भिजून कुजलेली जमीन खचली आणि खार साठवलेल्या चिंचोक्यांसकट साळुंकीच्या घरात येऊन पडली.

साळुंकीनं पंखांवरचा भुसा झटकला. "विचारून यायचं असतं ना, ताई?"

खारीनं वर बघितलं. मग ती मुकाट्यानं बाहेर गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "येऊ का?"

"ये की. येताना सुतारभाऊंना घेऊन ये."