चिंचेने पुसलेले मुखडे

एका राज्यात माणसांची ओळख खजिन्यातल्या नाण्यांत राहत असे. तांब्याच्या शंभर नाण्यांवर पूर्वजांचे मुखडे होते, आणि ते शाबूत होते तोवर आई लेकराला ओळखी, शेजारी शेजाऱ्याला.

राजा मकरंदसेन हौशी. राज्याभिषेकाला खजिना झळकावा म्हणून त्याने सारी नाणी चिंचेच्या रांजणात बुडवून घासून घेतली. नाणी लखलखली, मुखडे पुसले गेले. खजिन्याचा यक्ष म्हणाला, "तुम्ही त्यांचे चेहरे पुसलेत. आता तुम्हांला कुणाचाच चेहरा ओळखू येणार नाही." आणि तसंच झालं.

त्या नगरीत तुंगा नावाची मुलगी होती. ती जुनी नाणी जमवी, एकासारखं दुसरं असलं तर ते विके, त्यातून न पाहिलेलं एखादं आणी. शापाच्या सकाळी आईने तिला दारात विचारलं, "कुणीकडची गं तू, बाई? आलीस तशी जेवून जा."

तुंगा स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून जेवली. दुसरा दिवस उजाडायची वाट तिने पाहिली नाही. आईच्या लुगड्याचा एक मऊ तुकडा फाडून घेतला आणि यक्षाची गुहा गाठली.

दारावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "शाप सोडवायचा तर तीन कामं आहेत. ओळख, जप आणि विक."

पहिल्या कामाला शिळेवर काळ्या नाण्यांची रास होती. त्यांतलं एकच खरं, खजिन्याबाहेर राहिलेलं, आद्य राणीचं. बाकीची यक्षाने धुरावर धरलेली. तुंगाने एकेकाची कड बोटाने पुसली. काजळी बोटाला लागते, वर्षांचा रंग लागत नाही. ज्याने बोट काळं केलं नाही, ते तिने उचललं.

दुसऱ्या कामाला गुहेत नऊ दिवस धुकं भरलं. भिंती पाझरल्या.

"चामड्याची थैली घे," भारद्वाज म्हणाला. "राजे घेतात."

"म्हणूनच त्यांची नाणी हिरवी पडतात."

तिने नाणं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, कोरड्या भाजलेल्या तांदळात पुरलं, आणि रोज पहाटे तांदूळ बदलला. नवव्या दिवशी नाणं जसंच्या तसं निघालं.

"आता सूर्य मावळण्याआधी गिऱ्हाईक शोध," पक्षी म्हणाला. "हा मुखडा राखणारे हात मिळाले, की शाप सुटला."

बाजारात एका सावकाराने गाडाभर मोती देऊ केले. "फक्त जरा घासून दे."

"मग चिंचच घ्या. स्वस्त पडेल."

एका मांत्रिकाला ते लोखंडी पेटीत कायमचं पुरायचं होतं. "पुरायला दगडही चालेल," तुंगा म्हणाली.

ऊन उतरलं तेव्हा राजा आला. त्याने नाणं अंगठ्याखाली दाबलं. तुंगाने ते काढून घेतलं.

"काठाला धरा, महाराज."

"मी राजा आहे."

"ती राणी आहे."

 राजाने दोन बोटांनी काठ धरला.

"इथे टवका उडालाय," तुंगाने दाखवलं. "घेण्याआधी बघून ठेवा."

"किंमत?"

"तुमचा चिंचेचा रांजण. माझ्यासमोर फोडा."

रांजण बाजारात आणला गेला आणि तिच्यासमोर फुटला. राजाने नाणं उजेडात धरलं आणि काळ्या तांब्यातून राणीने त्याच्याकडे पाहिलं. खजिन्यात शंभर मुखडे पुन्हा उमटले. राजा मागे वळून छत्र धरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाला, "भिवबा, दमलास का रे?" भिवबाने डोळे पुसले.

त्या राज्यात आजही नाणं काठालाच धरतात, आणि नव्या राजाला मुकुटाआधी हेच शिकवतात.

तुंगा धावत घरी आली. आई उंबऱ्यात उभी होती. तिने लेकीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुंगे, नऊ दिवस होतीस कुठे? आणि माझं लुगडं कुणी फाडलं?"